पेनसाहेबांची नववी नळी

बॉयलर तपासणाऱ्या माणसाला पोट सुटून चालत नाही. आत शिरायची वाट असते जेमतेम दीड फुटाची. तीतून आधी डोकं जातं, मग एक खांदा, मग दुसरा, आणि मधेच अडकलात तर बाहेरचे लोक पाय धरून ओढतात. सरकारी तपासनीस म्हणून नोकरीला लागल्यापासून पेनसाहेबांनी जेवण निम्मं केलं होतं, ते याच धास्तीने. पाय धरून ओढलं जाण्यासारखा दुसरा अपमान नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

सगळे त्यांना पेनसाहेब म्हणत. आधी मागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी तेच फोनवर स्वतःची ओळख तशी करून द्यायला लागले.

आता यात पेन कुठून आलं, ते सांगायला हवं. बॉयलरच्या भट्टीच्या छताला लोखंडी नळ्यांची रांग असते. नळ्यांमध्ये पाणी, खाली आग. वर्षभर आग खाऊन खाऊन नळी झिजते, आणि फार झिजली की फुटते. मग आतली वाफ भट्टीच्या दारातून बाहेर झेपावते, आणि दारासमोर भट्टीवाला उभा असतो. तसं होऊ नये म्हणून वर्षातून एकदा भट्टी थंड करायची आणि कुणीतरी आत उताणं पडून, हातातलं यंत्र नळीला टेकवून, एकेका नळीची जाडी मोजायची. हे कुणीतरी म्हणजे पेनसाहेब.

मोजणं सोपं. लिहिणं अवघड. उताणं पडून, पुठ्ठा तोंडावर धरून लिहायचं म्हणजे पेनचं टोक वर आणि शाई खाली. साधं बॉलपेन तीन आकडे लिहितं आणि रुसतं. शाईचं पेन रुसत नाही, ते थेट डोळ्यात गळतं. पेन्सिलीचं म्हणाल, तर घाम आणि काजळी मिळून सगळे आकडे सारखेच काळे करून टाकतात. म्हणून बाकीचे तपासनीस काय करत, तर आत मोजत, डोक्यात ठेवत, आणि बाहेर येऊन चहा पिता पिता लिहीत. चौतीस नळ्यांचे चौतीस आकडे! पेनसाहेब म्हणत, "चहाबरोबर लिहिलेले आकडे फार सभ्य असतात हो. एकही कुणाला दुखवत नाही."

त्यांनी शोधून शोधून एक पेन मिळवलं. मिटलं की करंगळीएवढं, टोपण मागे खोचलं की हातात नीट मावेल एवढं. रिफिलमध्ये हवा दाबून भरलेली, ती शाईला मागून ढकलत राहते, त्यामुळे पेन उलटं धरा नाहीतर सुलटं, लिहितंच. विकणाऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतील तर ते पेनसाहेब कसले! त्यांनी ते एक दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मग वाहत्या नळाखाली धरून ओल्या कागदावर लिहिलं, तेलकट कागदावर लिहिलं, पलंगाखाली सरपटत जाऊन फळीच्या खालच्या बाजूवर घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली. बायको बर्फ काढायला गेली आणि पेन घेऊन बाहेर आली.

"हे काय?"

"तपासणी चाललीय."

"पास झालं का?"

"अजून नाही."

"मग मला पास करायला तुमच्या आईंना एकच संध्याकाळ कशी पुरली?" असं म्हणून तिने ते पेन त्यांच्या हातावर आपटलं. पण कामाच्या शर्टाच्या डाव्या बाहीला आतून एक अरुंद खिसाही तिनेच शिवून दिला, कारण छातीवरच्या खिशातली वस्तू वाकल्याबरोबर बॉयलरमध्ये पडते, आणि बॉयलरमध्ये काही पडू देणं म्हणजे या धंद्यात महापाप.

तर आत पाहिलेलं आतच लिहायचं, हा त्यांचा नेम झाला. बावीस वर्षं तो मोडला नाही. त्यांचे पुठ्ठे मळके असत, डागाळलेले असत, पण आकडा वाचता येत नाही असं कधी झालं नाही. कारखान्यांमध्ये वाद निघाला की लोक म्हणत, पेनसाहेबांनी लिहिलंय ना, मग संपलं. हे कानावर आलं की ते ऐकलं नाही असं दाखवत, आणि घरी येऊन बायकोला दोनदा सांगत. गर्व म्हणा हवं तर. गर्वच होता तो.

त्या वर्षी कापड रंगवायच्या कारखान्यातली तपासणी त्यांनी नेहमीसारखीच केली. चौतीसपैकी तेहतीस नळ्या धडधाकट. एक मात्र चार मिलिमीटरची झिजून दीडवर आलेली. त्यांनी ती तीनदा मोजली, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं : नऊ नंबर, बदला. फिटरने नऊ नंबरचा तुकडा कापला, नवा जोडला. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली, एक थेंब गळला नाही. पेनसाहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवायची ठरली.

त्या सकाळी त्यांची सुट्टी होती, म्हणजे बायकोची कामं होती. स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली गळत होतं. खाली दोन कॉक होते, एक बेसिनच्या नळाचा, एक पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचा. पेनसाहेब कपाटात डोकं घालून उताणे पडले. असल्या जागेत त्यांना घरच्यापेक्षा घरच्यासारखं वाटे.

"डावीकडचा बंद करा आणि मग पाइप काढा," बायको बेसिनसमोर उभी राहून म्हणाली.

त्यांनी डावीकडचा कॉक बंद केला आणि पाइप काढला. पाण्याचा फवारा त्यांच्या नाकातोंडात गेला, तिथून तिच्या साडीवर.

"अहो, डावीकडचा म्हटलं ना!"

"डावीकडचाच केलाय!"

"तुमची डावी नाही हो, माझी डावी! तुम्ही उताणे पडलाय ना तिकडे डोकं करून!"

पेनसाहेबांनी उजवीकडचा बंद केला. पाणी थांबलं. पण ते काही बाहेर येईनात. तिने वाकून पाहिलं, तर ते ओल्या चेहऱ्याने नुसते वर बघत पडलेले.

"लागलं का कुठे?"

त्यांच्या डोळ्यांसमोर भट्टीचं छत होतं. नळ्या मोजायच्या डावीकडून. डावी कुणाची, तर पुढच्या दारातून डोकं आधी घालून उताणं पडलेल्या माणसाची. नकाशा तसा, नंबर तसे, फिटर मोजतो तेही तसेच. बावीस वर्षं ते पुढच्याच दारातून शिरले होते. पण या वेळी पुढच्या दारात दुरुस्तीच्या विटांचा ढीग होता. या वेळी ते मागच्या छोट्या दारातून शिरले होते. डोकं उलट्या दिशेला. डावी उलट्या बाजूला.

चौतीस नळ्यांत त्यांची नववी ती खरी सव्विसावी. दीड मिलिमीटरची नळी अजून छतालाच होती. थंड पाण्याचा दाब ती सोसून गेली होती. आग सोसणार नव्हती.

कपाटाच्या कडेला डोकं आपटून ते बाहेर आले आणि ओल्या हाताने मॅनेजरला फोन लावला.

"पेटवली का?"

"हो साहेब, झाला अर्धा तास. मस्त धरलीय. का?"

"विझवा. आत्ता. आधी दारासमोरचा माणूस हलवा, मग जाळ काढा."

"साहेब, सगळा कारखाना थांबून राहिलाय—"

"माणूस हलवा म्हणतो ना!"

पलीकडे आरडाओरडा झाला, पळापळ झाली. पेनसाहेब फोन कानाला लावून उभे राहिले. त्यांच्या शर्टातून जमिनीवर पाणी ठिबकत होतं आणि बायको काही न विचारता पुसत होती. बऱ्याच वेळाने मॅनेजर परत आला.

"हलवला. जाळ ओढतायत. पण साहेब, मला वर कळवावं लागेल. कारण काय लिहू?"

आता खरं सांगायला हरकत नाही, पेनसाहेब थांबले. यंत्रात बिघाड होता, असं म्हणता आलं असतं. पुन्हा एकदा खात्री करायचीय, असंही म्हणता आलं असतं. लोक उलट म्हणाले असते, बघा किती काळजी घेतो हा माणूस. कुणाला कळणार होतं? पुठ्ठ्यावर तर कुठल्या बाजूने शिरलो ते लिहिलेलंच नव्हतं. ते थांबले ते फार तर दोन श्वास, पण थांबले, आणि त्याची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

"लिहा, तपासनिसाने नंबर चुकीचा दिला. माझं नाव घाला."

भट्टी आत जाण्याइतकी निवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पेनसाहेब पुढच्या दारातून आत गेले. सव्विसावी नळी मोजली. दीडच. पुठ्ठ्यावर लिहिलं, कुठून शिरलो तेही लिहिलं. फिटरने नळी कापली आणि तुकडा बाहेर आणून ओट्यावर ठेवला. भट्टीवाला पुढे झाला आणि त्याने हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. एका बाजूला पत्रा आत गेला. तो हसला, कारण काय करावं ते त्याला सुचलं नाही, आणि मग जाऊन पायरीवर बसला. तो फिटरच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

पेनसाहेबांच्या जिवात जीव आला होता. चूक झाली, पण वेळेत कळली, माणूस वाचला, आपण खोटं बोललो नाही. वरून कानउघाडणीचं पत्र येईल, येऊ दे. एवढं झाल्यावर त्यांना बरंसुद्धा वाटायला लागलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी कापलेला नववीचा तुकडा कुठंय? तोही जोडू अहवालाला."

फिटरने तो कपाटातून काढून दिला. त्याने तो फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता. पेनसाहेबांनी कड पाहिली. जाड, साफ, भरीव. मोजायची गरजच नव्हती. आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं की ही नळी अजून दहा वर्षं चालली असती.

त्यांनी मान वर केली.

"हा तुकडा कापलास तेव्हा तुझ्या हातात होता."

"होय साहेब."

"चांगली नळी आहे, दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना." फिटर पायरीवर बसलेल्या मेहुण्याकडे बघत होता. "कापली तेव्हाच दिसलं. बाजूला ठेवली, म्हटलं विचारावं. रात्रभर मनात घोळत होतं. मग पुन्हा तुमचा पुठ्ठा बघितला. नऊ. स्वच्छ लिहिलेलं."

"अरे, मग विचारायचं नाही?"

"तुम्हाला?" फिटर म्हणाला. "आजवर कुणी विचारलंय का साहेब?"