हातग्राइंडरवरची धार

मुलांनो,

परवा फोनवर धाकट्याने सांगितलं की त्याने घरी छोटा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, आणला आहे आणि त्यावरच्या टूलला, कापणाऱ्या पोलादी तुकड्याला, धार लावताना बोटं भाजून घेतली. तसाच एक लेथ मदन महल भागातल्या आपल्या जुन्या घरात, मागच्या पडवीत होता, हे तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आता लिहून ठेवते. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. तुमचे आजोबा शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूममध्ये, यंत्रांची हत्यारं घडवतात त्या विभागात, होते. घरोघरी काचांवर काळे कागद चिकटवलेले, कारखान्यात पाळ्या लांबलेल्या, आणि सुटताना गेटवर झडती. आतली वस्तू खिशात सापडली तर नोकरी जायची. तुरुंगाचं नाव कोणी काढत नसे, पण प्रत्येकाच्या मनात ते असायचं.

आजोबांना छंद होता. बाबा तेव्हा लहान होते, त्यांच्यासाठी वाफेवर चालणारं छोटं इंजिन ते घरच्या लेथवर बनवत होते. कबाड्याच्या भंगारातून हायस्पीड स्टीलच्या, म्हणजे खूप कडक पोलादाच्या, टूलचे उरलेले तुकडे आणायचे आणि त्यांना नव्याने धार लावायची. ग्राइंडर हाताने फिरवायचा, टेबलाच्या कडेला आवळलेला. त्याचा दगड जेमतेम बशीएवढा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने तुकडा धरायचा. दांडा बहुधा माझ्याकडे असे.

"काहून इतकी जोरानं फिरवून राहिली? पीठ दळायचं नाहीये," ते म्हणायचे.

मग तुम्ही फिरवा, मी धरते, असं म्हणत म्हणत मी धरायलाही शिकले. आधी पुढची बाजू, मग कडेची, शेवटी वरची. धारेच्या खाली थोडा उतार हवा, नाहीतर टूल कापत नाही, नुसतं घासतं. बोटांना चटका बसू लागला की तुकडा पाण्यात बुडवायचा.

एकदा दुपारभर ते लेथपाशी होते आणि त्याच शर्टावर रात्रपाळीला गेले. एक टूल खिशातच राहिलं. आत जाताना कोणी खिसे पाहत नसे. सकाळी सुटताना ते सापडलं.

मला हे कळलं ते दारात जीप थांबल्यावर. सुरक्षा अधिकारी, एक जवान आणि आजोबांचे फोरमन उतरले. फोरमन आपल्यातलेच, दिवाळीला फराळाला येणारे. "वहिनी," एवढंच ते म्हणाले, तेवढ्यात सुरक्षा साहेबांनी त्यांना थांबवलं.

"मराठी नहीं. जो कहना है, मेरे सामने हिंदी में कहिए."

फोरमननी हिंदीत सांगितलं. आजोबांना गेटवरच बसवून ठेवलं होतं. टूल घरचं आहे असं ते म्हणत होते. साहेबांचं म्हणणं, ते रात्री आतून उचललं आणि कारखान्याचा शिक्का घासून टाकला.

मी त्यांना पडवीत नेलं. तुकड्यांचा डबा दाखवला. धार कोण लावतं, त्यांनी विचारलं. आम्ही दोघं, मी म्हटलं.

साहेबांनी माझ्या बांगड्यांकडे पाहिलं. "तो लगाकर दिखाइए."

आजोबांच्या टूलसारखाच एक बोथट तुकडा मी निवडला. जवान दांड्याशी बसला आणि त्याने असा गरगर फिरवला की तुकडा हातातून उडता उडता राहिला.

"भैया, धीरे. एक चाल से."

ठिणग्या उडू लागल्या. पुढची बाजू झाली, कडेची झाली. वरच्या बाजूला तुकडा तापला, आणि तो सोडायची मला भीती वाटली. सोडला तर साहेब म्हणतील, हिला येत नाही. मी तो तसाच धरून बाजू पुरी केली आणि मगच बोटांसकट पाण्यात घातला.

साहेबांनी खिशातून आजोबांचं टूल काढलं. फोरमननी दोन्ही तुकडे खिडकीशी नेले आणि घासलेल्या बाजूवर आपल्या खिशातल्या पोलादी पट्टीची सरळ कड टेकवली. पट्टीखालून दोन्हींत सारखाच उजेड दिसत होता. लहान दगडाने बाजू खोलगट होते, त्यांनी समजावलं. आपल्या टूलरूमच्या मोठ्या दगडाच्या ग्राइंडरवर ती सपाट निघते. म्हणजे हे टूल याच दगडावर घासलेलं आहे आणि घरूनच आत गेलेलं आहे.

साहेबांनी स्वतः पट्टी धरून पाहिली. दोनदा पाहिली. आजोबांचं टूल परत खिशात टाकलं आणि जीपकडे गेले. फोरमनसुद्धा मागे वळून पाहायला धजले नाहीत.

आजोबा दुपारी उशिरा आले. आधी सगळे खिसे टेबलावर उलटे केले, मग बसले.

"तू धरलं होतं?"

"हो."

"बोटं दाखव."

मी दाखवली. ते बराच वेळ माझा हात धरून बसले.

लेथवर त्यांनी चादर टाकली, आणि लढाई संपल्यावरही ती काढली नाही. पुढे लेथ विकला. इंजिन अर्धंच राहिलं. निवृत्त होईपर्यंत कारखान्यात जाताना ते दारात खिसे तपासत.

त्यांचं टूल कारखान्याने परत दिलं नाही. मी धार लावलेलं माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, आणि हातग्राइंडर माळ्यावर.