एका फुटाला एक इंच

आमच्या साडभाऊंइतकी घरे अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात कुणी बांधली नसतील, सरकारनेही नाही. आणि इतकी घरे बांधून भाड्याच्या दोन खोल्यांत पावसाळाभर गळतीखाली पातेली मांडून बसणारा माणूसही मी दुसरा पाहिलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मुक्काम मुर्री, धंदा बाहुलीघरांचा. तोही पोरीबाळींसाठी नाही. त्यांची गिऱ्हाइके मुंबई-पुण्याकडची, पन्नाशी ओलांडलेली, चांगली शिकलीसवरलेली माणसे. ती लाकडाची हात-दोन हात घरे मागवून काचेच्या कपाटात ठेवत आणि नातवंडांना जवळ फिरकू देत नसत. आमच्याकडच्या लोकांना हे पटणे कठीणच होते. 'कोन्या पोरीसाठी होय जी?' असे कुणी विचारले, की साडभाऊ करवत न थांबवता सांगत, 'रिटायर जजसायबासाठी.' विचारणारा सायकलवर टांग टाके.

मूळचे ते सुतार. गोंदियात तयार पलंग-कपाटांची दुकाने झाली आणि त्यांच्या हातचे काम गेले, तेव्हा ते या लहान घरांकडे वळले. एका फुटाला एक इंच हे त्यांचे माप, आणि तोच त्यांचा धर्म. कुणाच्याही घरी गेले की रामराम म्हणायच्या आधी वितीने खिडकी मोजत. सडक अर्जुनीला आम्ही एका नातेवाइकाच्या मयतीला गेलो होतो. बायका रडत होत्या आणि हे ओसरीच्या खांबाला मिठी मारून उभे. लोक म्हणाले, केवढी माया! ते खांबाचा घेर घेत होते. पुण्याच्या एका बाईंनी झुंबराचा, पियानोचा बंगला मागितला, पण संडास नको म्हणाल्या. यांनी कामच सोडून दिले. 'घरात रायनारा मानूस जाईन कुठं?' हा त्यांचा सवाल. त्यात कुणी राहणार नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. छपरासाठी चोरखमाऱ्याच्या तलावाची माती आणून ते नखाएवढे कवेलू, म्हणजे कौले, पाडत आणि ताईंच्या चुलीत भाजत. त्यामुळे त्या घरात जेवायला उशीर होई आणि कधीकधी भाकरीबरोबर छपराचा तुकडाही दाताखाली येई.

यापेक्षा मोठे वेड म्हणजे गृहप्रवेश. घर तनसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, गुंडाळून पेटीत भरण्यापूर्वी त्यातल्या चिमुकल्या चुलीवर, शिंप्याच्या बोटातल्या टोपणाएवढ्या भांड्यात, तुपाच्या वातीवर दूध तापवायचे आणि उतू जाऊ द्यायचे. हे काम घरच्या लक्ष्मीचे, म्हणजे ताईंचे. 'दूध उतू गेल्याबिगर घर लोकाच्या हाती देनं म्हनजे पोरीले उपाशी सासरी धाडनं होय,' असे ते म्हणत. ताई हातातले काम टाकून यायच्या, दूध उतू घालायच्या आणि परत कामाला लागायच्या.

ताईंनी माहेरचे दागिने मोडून मुर्रीतच एक प्लॉट घेतला होता. त्यावर घर बांधण्याआधी ते लहान करून पाहू, असे साडभाऊंनी ठरवले आणि तिथेच सगळे अडकले. ताई म्हणाल्या, खिडकी पूर्वेला हवी. रातोरात खिडकी पूर्वेला गेली. ताई ठेंगण्या, म्हणून ओटा खाली आला. मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, जायला दार झाले, शिलाई मशीनसाठी कोनाडा झाला. रोज संध्याकाळी साडभाऊ विचारायचे, 'सांग वो, आता काय बदलाचं?' लोक म्हणतात, घर पाहावे बांधून. ताईंनी ते कित्येक वर्षे मोडून-बांधून पाहिले. प्लॉटवर मात्र चार खुंट्या आणि लोकांच्या शेळ्या. मी एकदा चिडून म्हणालो, 'तिकडं एक वीट तरी ठेवा.' तर म्हणाले, 'आदी इथं तर जमू द्या जी.' सुरुवातीला ताई हसायच्या. मग हळूहळू ताई त्या लहानग्या घरात राहायलाच गेल्या. सकाळी कोंबडीच्या पिसाने ते झाडत. शेजारणीला सांगत, 'माझ्या खिडकीतून ऊन येते तं ओट्यापर्यंत येते.' गळक्या खोलीत उभ्या राहून सांगत.

मग मुंबईच्या एक बाई आपले तयार घर न्यायला आल्या. मी तिथे चहा पीत होतो. त्यांनी आपल्या घराकडे पाहिलेच नाही. कोपऱ्यातल्या ताईंच्या घरासमोर त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, 'भैया, बाकी सब घर खाली लगते हैं. इसमें कोई रहता है. मुझे यही चाहिए.' इतक्या वर्षांत साडभाऊंच्या कामाला कुणी असे म्हटले नव्हते. ते लाजले. मान खाली घालून हो म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांना माफ केले असते. पण हाताला सवय पडलेली. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीसारखी हाक मारली, 'अवो, ये ना, दूध उतू घालाचं आहे.'

ताई आल्या. कोणते घर ते त्यांनी पाहिले. वात लावली, दूध ओतले. दूध वर आले, सांडले, बाईंनी फोटो काढला. ताईंनी पदराच्या टोकाने तो बुटका ओटा पुसला. पूर्वेची खिडकी लावली, सांदवाडीचे दार लावले, गावाला जाताना आपण लावतो तसे. 'पेटीत तनस जास्त घाला,' एवढेच म्हणाल्या, 'बाईसायबाले दूर जाचं आहे.' मला साडभाऊंच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अजूनही वाटते.

त्यांना कळले, पण दोन-चार दिवसांनी. संध्याकाळी नव्याने फळ्या मांडून त्यांनी विचारले, 'काय बदलाचं?' ताई म्हणाल्या, 'काही नाही.' मग माणूस खडबडून जागा झाला. सगळी कामे बाजूला सारून प्लॉटवर पाया खणला आणि नुसत्या आठवणीने घर उभे केले. खिडकी पूर्वेला, ओटा बुटका, मशीनचा कोनाडा, सगळे जिथल्या तिथे. घर सुरेख झाले आहे, हे मी मनाविरुद्ध कबूल करतो. ताई त्यात राहतात, एखाद्या समजूतदार भाडेकरणीसारख्या. कॅलेंडर लावायचे तरी विचारतात, 'खिळा कुठं ठोकू जी?' साडभाऊ म्हणतात, 'तुले वाटते तिथं ठोक ना.' त्यावर त्या म्हणतात, 'घर तुमचं आहे. तुमीच सांगा.'

मागच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी मला सांदवाडीत ओढून नेले. केस पार पिकलेत आता. म्हणाले, 'भाऊ, बायकोले सांगा ना, बहिनीले इचार म्हना. एखांदी भित पाडाची असन, दार सरकवाचं असन, काहीबी. आत्ता पाडतो.' एरवी त्यांना टोमणा मारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. त्या दिवशी तसाच प्यालो. माझ्या बायकोने ताईंना विचारलेही.

ताई तांदूळ निवडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, 'कायले? चांगलं तर आहे.'