चिमटा काढला तरी पोरगं रडेना

परवा एका आईने आपल्याच पोराला करकचून चिमटा काढला... आणि पोरगं ढिम्म! त्यावरून आमच्या वॉर्डात जो गोंधळ उडाला तो सांगते.

मी भुलीची डॉक्टर, वर्ध्यातल्या एका लहानशा हॉस्पिटलात. ऑपरेशन छान झालं की पेढे सर्जनला, आणि पेशंट उशिरा जागा झाला की बोलणी आम्हाला... असा आमचा धंदा.

परवा कारंज्याकडून चार वर्षांचा वेदू आला होता, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. सोबत आई-बाबा. मागे मोठ्या मुलाचं हेच ऑपरेशन दुसरीकडे झालं, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तो दुखून इतका रडला होता की आईने धसकाच घेतला होता.

हल्ली आम्ही लहान मुलांना आधी गाढ झोपवतो, मग माकडहाडाजवळ एक बारीक सुई देतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत, म्हणजे औषध नेमकं हवं तिथेच पडतं. कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो, पाय जड होतात... पण लेकरू जागं झालं तरी त्याला दुखत नाही.

हे सगळं मी आदल्या दिवशी वेदूच्या बाबांना नीट समजावलं होतं. त्या भल्या माणसाने बायकोला सांगितलं काय, तर "म्याडम म्हणे, फिकर नोको करा." बस्स!

ऑपरेशन झालं. वेदू वॉर्डात आला, टकामका इकडेतिकडे बघितलं आणि पंखा बघत पडून राहिला. रडणं नाही, कुरकुर नाही.

झालं... आईच्या मनाने घेतलं, पोर रडत नाही म्हणजे नक्की काहीतरी बिघडलं! शेजारच्या खाटेवरच्या आजींनी लगेच सल्ला दिला, "चिमटा घेऊन पाह्य वं त्याले." तिने मांडीला घेतला. वेदू पंखाच बघत होता.

नर्सने बोलावलं म्हणून मी धावत पोचले तेव्हा ती त्याचे पाय चोळत होती. "म्याडम, माह्या पोराचे पाय गेले हो! त्याले काहीच समजून नाई राह्यलं!"

खरं सांगते, मांडीवरचा लाल वळ बघून आधी मला रागच आला. मग तिचा चेहरा बघितला आणि स्टूल ओढून शेजारी बसले.

मी इथल्याच देवळीची. अशा वेळी पुस्तकी मराठी माझ्याही कामाची नसते. "पाय गेले नाईत बाई, झोपले हायेत. त्याले दुखू नये म्हणून मीच झोपवले."

"मंग उठतीन ना?"

"उठतीन. पण चिमटे नोको घेऊ आता. तळपायाले गुदगुल्या करत बस."

तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, दिसतच होतं. तरी बसली बिचारी, वेदूचा पाय मांडीवर घेऊन, तळव्यावर बोट फिरवत. औषध उतरणार हे मला पक्कं ठाऊक... तरी पुढची केस संपल्यावर मीही उगाचच तिकडून चक्कर मारून आले. नंतर पुन्हा एकदा गेले.

दुपारी अंगठा हलला. तिने पुन्हा बोट फिरवलं... आणि वेदूने खसकन पाय ओढून घेतला. "नोको ना मम्मी, गुदगुल्या होते!" आणि खिदळायला लागला.

त्यावर ती माउली जी रडायला लागली... वॉर्डातल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. कोणी पाणी देतंय, कोणी पाठीवर हात फिरवतंय. मी पण डोळे पुसले, लपवत नाही.

कालपासून ऑपरेशनआधी समजावताना मी आईलाच समोर बसवते. बाप हवा तर मागे उभा राहू दे!

आणि हो, त्या दिवशीच्या रडारडीत वेदू मात्र हसायचा थांबला होता. आईच्या ओल्या गालावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मम्मी, तुले दुखून राह्यलं का?"