हात वर, नाव वहीत

आमच्या माजी सैनिकांच्या कट्ट्यावर किस्से साठवायला जागा पुरत नाही. गाव कोरेगावजवळचं, घरटी एक फौजी. इलेक्शन आलं की दोन्ही पक्षांना आमचा लय पुळका येतो, मग काय विचारता! मी रिटायर्ड हवालदार. कट्ट्याचे म्होरके सुभेदार आण्णा.

*

आण्णांची एक सवय फौजेतली. मीटिंगमध्ये कुणी हात वर केला, की खिशातून वही काढून त्याचं नाव लिहायचं. मग ते काम त्याचंच. एकदा आमच्या बबननं हात वर केला, "गटार साफ झालं पायजे." दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा त्याच्या दारात फावडं घेऊन उभे. तेव्हापासून कट्ट्यावर कुणी डोकं खाजवायलासुद्धा हात वर नेत नाही.

*

प्रचाराच्या सभेआधी एका पक्षाचा माणूस आला. "आण्णा, मेडलं लावून स्टेजवर बसा." तासाभरानं दुसऱ्या पक्षाचा आला, तेच म्हणाला. आण्णांनी मेडलांचा कोट त्याच्यापुढं धरला.

"ह्योच न्या आन खुर्चीवर ठिवा. बोलणार तर तुमीच हाय."

*

युद्धावर मात्र दोन्ही पक्षांचं जमतं. एकाला ते आज पाहिजे, दुसऱ्याला कालच पाहिजे होतं. मी दोघांच्या कार्यकर्त्यांना विचारलं, "भरतीच्या ग्राउंडवर कुणी दिसला न्हाईसा रं?" एक म्हणाला, पक्षाचं काम असतं. दुसऱ्याचा गुडघा दुखत होता. मागच्या विजयी मिरवणुकीत हाच गुडघा चार तास नाचला होता.

*

मग खरंच सीमेवर तणाव वाढला. आण्णांचा पोरगा संदीप तिकडंच पोस्टिंगला. चार दिवस त्याचा फोन नाही. आण्णा हातात मोबाईल धरून कट्ट्यावर बसायचे. आम्हाला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी चावडीपुढं सर्वपक्षीय सभा झाली. दोन्ही पक्षांचे साहेब एका स्टेजवर. एकानं माईक घेतला, "युद्ध पायजे त्यांनी हात वर करा!" आणि दोघांनी आपले हात पहिले वर केले. सगळा मांडव हात वर करून उभा राहिला. बसून होतो ते आम्ही फौजी.

आण्णा उठले, वही काढली आणि स्टेजपाशी माईकवाल्या साहेबांपुढं गेले.

"सायेब, पूर्ण नाव सांगा."

"कशाला, आण्णा?"

"हात वर हाय न्हवं? एक नंबरला माझ्या पोराचं नाव लिवलंय. दोन नंबरला तुमचं लिवतो."

मागच्या रांगेपासून हात खाली यायला लागले. साहेबांनी वर केलेल्या हातानं डोकं खाजवलं.