माझा टॉर्क पाना आणि घरातले जाणकार

आमच्या घरातल्या पुरुषांकडे नट आवळायचं एकच माप आहे: कच्चून. पाण्याच्या मोटारीचा नट कच्चून, पंख्याचा कच्चून, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा कच्चून. आवळताना दात दिसले आणि कपाळावरची शीर फुगली की काम पक्कं झालं असं समजायचं. त्यामुळे मी टॉर्क पाना घेणार म्हटल्यावर मी वेगळी चूल मागितल्यासारखी शांतता पसरली.

कारण साधं होतं. मी जालन्याहून केदारखेड्याला शाळेत शिकवायला मोटरसायकलवर जाते. एकदा गॅरेजवाल्यानं ऑइल बदललं आणि इंजिनखालचा बोल्ट नीट आवळायचा विसरला. अर्ध्या रस्त्यात ऑइल माझ्या सलवारीवर आणि गाडी बंद. आजूबाजूला कपाशी, डोक्यावर ऊन आणि थांबून थांबून चौकशी करणारे, जरा जास्तच चौकशी करणारे, दोघे मोटरसायकलवाले. घाबरले होते मी, सांगायला लाज कसली? गॅरेजवाला नंतर माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मॅडमनं खड्ड्यात आदळली असंल." तेव्हाच ठरवलं, यापुढे माझ्या गाडीचा बोल्ट मीच आवळणार.

टॉर्क पाना वापरायला अवघड नाही. दांड्यावर जोराचा आकडा, न्यूटन मीटरमध्ये, लावायचा आणि आवळायचं. तेवढा जोर झाला की पाना टक् वाजतो. मग थांबायचं. बाकी सगळं सोपं आहे, हे थांबणंच आमच्याकडे कुणाला जमत नाही.

दुकानात मी विचारलं, "दहा न्यूटन मीटरपासून सुरू होणारा आहे का?" दुकानदारानं उत्तर नवऱ्याला दिलं. "साहेब, हा घ्या. बिलकुल मजबूत. ट्रकचे नट आवळतो." पाना माझ्या हाताएवढा लांब होता. नवऱ्यानं तो तोलून पाहिला. न्यूटन मीटर म्हणजे काय हे त्याला विचारलं असतं तर मीटरभर न्यूटन असंच त्यानं सांगितलं असतं. पण तो म्हणाला, "बराबर. घ्यायचा तर मोठाच घेऊ, एकदाच काय ते."

मी त्या पान्यावरचे आकडे वाचले. तो चाळीसपासून सुरू होत होता आणि माझा बोल्ट, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, पंचवीसचा. म्हणजे तो टक् वाजायच्या आधीच बोल्टची वाट लागणार. हे मी समजावून सांगितलं. दोघांनी अगदी आदरानं ऐकून घेतलं आणि दुकानदारानं मोठा पाना पिशवीत टाकला. मी तो बाहेर काढून ठेवला आणि ऑनलाइन छोटा मागवला, दहापासून ऐंशीपर्यंतचा. माझं इंजिन, मागचं चाक, ब्रेक, सगळं त्यात बसत होतं. तो घरी आल्यावर नवरा म्हणाला, "खेळण्यासारखा दिसतो."

पहिल्यांदा ऑइल बदलायला बसले त्या रविवारी नेमके माझे मोठे दीर अंकुशनगरहून आले. भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत आहे. माझ्याबद्दल मात्र माझ्यासमोरच बोलतात. "काय करून राह्यली ती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं सांगितलं. "पान्याला आकडे? दे इकडं." मी नको म्हटलं. ते माझं बोलणं नव्हतंच जणू, वारा होता. त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि आवळायला लागले.

टक्.

"ढिला हाये पाना. सटकून राह्यला," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, वाजला म्हणजे झालं. थांबा," मी म्हटलं.

टक्. टक्. मग दात दिसले, कपाळावरची शीर फुगली आणि बोल्ट एकाएकी लोण्यात फिरावा तसा फिरायला लागला. आटे गेले. बोल्टचे नाही, इंजिनचे. भाऊजी उठले, हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाले, "डुप्लिकेट माल हाये. परत कर." नवऱ्यानं मान डोलावली. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत गोष्ट पोचली ती अशी: हिनं इंजिन खोललं आणि वाट लावली. ज्यांना गाडीत ऑइल कुठून घालतात हे ठाऊक नाही, त्यांनीही मला फोन करून सल्ला दिला.

मी रडले, रागानं. नवीन आटे पाडून होईपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन शाळा गाठली. मग गाडी दुरुस्त होऊन आल्यावर स्वतः बोल्ट लावला. टक् वाजला, थांबले. तेव्हापासून इंजिनखाली थेंब नाही. याबद्दल मला अजून कुणाचा फोन आलेला नाही.

मागच्या आठवड्यात मात्र भाऊजींचा आला, अर्थातच नवऱ्याला. टायर बदलल्यापासून त्यांच्या गाडीचं मागचं चाक डुलत होतं आणि कितीही आवळलं तरी नट सुटत होता. "तो आकड्याचा पाना पाठवून दे," ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, "पाना मिळणार नाही भाऊजी. गाडी घेऊन या, मी बघते आणि आवळून देते. चहा होईस्तोवर होईल."  भाऊजी "बघू," म्हणाले, तेही नवऱ्यालाच.

आले नाहीत. येणारही नाहीत. भावजयीनं आवळलेल्या चाकापेक्षा त्यांना डुलतं चाक चालेल. चालू दे, त्यांची हौस. पण त्यांच्या मागं बसून जाऊबाई रोज कामाला जातात. काल न राहवून मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, चाक नीट होईपर्यंत त्या गाडीवर बसू नका.

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. "मंग जाऊ कशावर?"