इंजिनात तिळाचं तेल

भिसेगावच्या आमच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची विलायती मोटारसायकल उभी होती. बाबा गेल्यापासून तिला कुणी किक मारली नव्हती. तसली गाडी आता शोधून सापडत नाही. शौकीन लोक माग काढत येत आणि मी त्यांना फाटकातूनच वाटेला लावी. मला ती विकायची नव्हती की मिरवायची नव्हती. तिचा आवाज एकदा ऐकायचा होता, बस्स.

यंदा खालापूरहून मिस्त्री बोलावला. "पिस्टन गंजून धरला आसंल, ताई. तुटला तर दुसरा मिळायचा नाय," असं आधीच बजावून त्याने प्लग खोलला.

आतून देवघराचा वास आला.

मिस्त्री माझ्याकडे बघतो, मी मिस्त्रीकडे. त्याने आत तार घालून बाहेर काढली, तर तिला पिवळट चिकटा. तिळाचं तेल! वर्षानुवर्षं साचून डिंकासारखं घट्ट झालेलं, आणि त्यात पिस्टन रुतलेला. शेडची किल्ली फक्त आईकडे असते.

आई ओट्यावर मेथी निवडत होती. "मीच घालते," ती म्हणाली. "दर खंडेनवमीला, पूजा झाली की. हॉस्पिटलात जाताना सांगून गेले होते, तिला प्लगमधून चमचाभर तेल पाजत जा म्हणून."

"अगं, इंजिनचं तेल!"

"पूजेच्या दिवशी ते काळं तेल? समईचं चांगलं तेल घरात असताना?"

मी इतकी ओरडले की शेजारीण कुंपणापाशी आली. आईने मान वर केली नाही. जिला मी कधी गॅसचा सिलिंडरसुद्धा बदलताना पाहिलं नव्हतं, ती दरवर्षी एकटी शेडमध्ये बसून पान्याने प्लग खोलत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला राग येत होता आणि रडूही येत होतं.

मिस्त्रीने इंजिन खोलून डिझेलमध्ये भिजत ठेवलं. रोज येऊन लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बघायचा, आणि प्रत्येक ठोक्याला मी "हळू, हळू" म्हणायचे. शेवटी पिस्टन सुटला, अख्खाच्या अख्खा. मग बाकीची जुळवाजुळव झाली आणि एका सकाळी त्याने किक मारली.

गाडी सुरू झाली. पत्रे थरथरले, शेड धुराने भरली. मी जिवाचा कान करून उभी होते, आणि मला तो आवाज ओळखूच येईना. कुठल्याही जुन्या गाडीचा असावा तसा वाटला. ज्याच्यासाठी एवढी वर्षं ही गाडी राखली, तो मी कधी विसरले हे मला कळलंसुद्धा नव्हतं. बंद करा, अशी मी हातानेच खूण केली.

"बंद करू नका हो," मागून आई म्हणाली. ती शेडच्या दारात खालीच बसली होती, डोळे मिटून. "हे खोपोलीहून येताना पळसदरीच्या रस्त्यापासून ऐकू यायचे. अजून घरी पोचायचेत."