दुसरा चहा बिनसाखरेचा

भाजी ती कधीच एका ठेल्यावरून घेत नसे. कांदे एकीकडून, बटाटे दुसरीकडून. दोन्ही ठेलेवाल्यांनी एकच भाव सांगितला, की पिशवी खाली ठेवून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहायची. एका शिंप्याकडे कापड टाकलं, की दुसऱ्याला शिलाई विचारून यायची. घड्याळाची वेळ शेजारणीच्या घड्याळाशी ताडून बघायची, आणि जुळली तर तिसरं घर गाठायची.

भाजीत मीठ बरोबर पडलंय का, हे नवऱ्याला स्वयंपाकघरात विचारायची आणि सासूबाईंना बाहेरच्या खोलीत. दोघांना एकत्र कधीच नाही. दोघंही "बरोबर आहे" म्हणाले, की तिची खात्री पटायची. मीठ कमी आहे आणि या दोघांनी आधीच ठरवून ठेवलंय.

ऑफिसात तिला शंकाताई म्हणत. तोंडावर नाही. पण तिला ते माहीत होतं, कारण तिने तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं.

यात तिचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा नोकरीचा. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आपसात भाव ठरवू नयेत, एकमेकांशी सरळ स्पर्धा करावी, हे बघायला सरकारने एक कक्ष उघडला होता. कक्षात ती आणि शिपाईमामा. गावातल्या सगळ्या बेकऱ्यांचा पाव एकाच सकाळी लहान झाला, तेव्हा तो कट तिने पकडला होता. त्यानंतर बेकरीवाले तिला बघून रस्ता बदलत. सगळे एकाच बाजूला बदलत, हेही तिने टिपलं होतं.

मग नवा अर्थसंकल्प आला. स्पर्धा कक्षाच्या पैशाला कात्री लागली आणि परिषद पर्यटनावर सरकारचा हात सैल सुटला. परिषद पर्यटन म्हणजे बाहेरगावच्या डॉक्टरांनी, इंजिनिअरांनी, विमावाल्यांनी आपल्या गावात येऊन सभा भरवायची, भाषणं ऐकायची, आणि कंटाळा आला की बाजारात खरेदी करायची. ते येत नव्हते. त्यांना आणायचं होतं.

साहेबांनी तोडगा काढला. दोन्ही कक्ष एकाच खोलीत आणि माणूस एकच. शंकाताई.

पर्यटनाच्या पैशातून लाल गालिचा आला. तो स्पर्धेच्या भागात अंथरणं नियमात बसत नव्हतं. म्हणून गालिचा खोलीच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. अलीकडे कुरकुरता पंखा आणि जुनं टेबल, पलीकडे मऊ खुर्ची आणि खोटी फुलं. शिपाईमामा गालिच्यावर चपला घालू देत नसत. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी ती चपला काढून पर्यटन करायची आणि घालून स्पर्धा.

एक दिवस साहेब आत आले. बूट घालूनच आले, ते साहेब होते.

"दंतवैद्यांची परिषद मिळतेय," ते म्हणाले. "मोठी आहे. पण त्यांना सगळ्या हॉटेलांत एकच दर हवाय. मालकांना एका टेबलाशी बसवा आणि एक आकडा काढा."

"साहेब, मालकांनी एका टेबलाशी बसून एक आकडा काढला तर तो गुन्हा होतो."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. सहीसुद्धा माझीच आहे."

"ते तिकडचं झालं." साहेबांनी कुरकुरत्या पंख्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही इकडे येऊन विचार करा."

तिने चपला काढल्या आणि इकडे येऊन विचार केला. विचार तोच राहिला.

पण यात तिच्या दादाचा जीव अडकला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जुन्या स्टेशनसमोर त्याचा लॉज होता. स्टेशन गावाबाहेर हललं, तेव्हापासून काउंटरमागच्या खिळ्यांवरच्या किल्ल्या हलल्या नव्हत्या. सिमेंटच्या व्यापाऱ्याला ती जागा गोदामाला हवी होती. "दंतवैद्य येऊन जाऊ देत, मग सांगतो," म्हणून दादाने त्याला थोपवलं होतं. परिषद आली तर लॉज, नाहीतर पोती.

शेवटी तिने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. मालकांना बोलवायचं, पण भेटू द्यायचं नाही. प्रत्येकाने आपापला दर सांगायचा. आकडे आपोआप जवळ आले तर साहेब खूश आणि कायदाही खूश.

तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याला तिने रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. ज्याच्याकडे गावातली एकुलती एक हॉटेलची लिफ्ट होती, त्या लिफ्टवाल्याला कँटीनमध्ये. पोहण्याचा तलाव असलेल्या आणि त्यात पाणी नसलेल्या हॉटेलच्या मालकाला साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. दादा उशिरा आला. त्याला गच्चीच्या जिन्यात जागा मिळाली.

"छोटे, सख्ख्या भावाला जिन्यात बसवतेस?"

"दादा, ऑफिसात मी छोटी नाही."

"मग मोठ्या बाईसाहेब, खुर्ची तरी द्या. पायरी गार आहे."

शिपाईमामा एकाला पाणी देत, दुसऱ्याला दाराआड ढकलत, तिसऱ्याला "थांबा हो, तिकडे कोणीतरी आहे" असं दटावत घामाघूम झाले. हात धुवायला जाण्याच्यासुद्धा वेळा ठरवून दिल्या होत्या.

तळ्याकाठच्याने दर सांगितला. "नाश्ता धरून. रोज धुतलेला टॉवेल. दोन वेळा चहा, दुसरा बिनसाखरेचा."

दंतवैद्यांसाठी बिनसाखरेचा. माणूस हुशार आहे, तिला वाटलं.

लिफ्टवाल्याने तोच दर सांगितला. नाश्ता, टॉवेल, दोन वेळा चहा, दुसरा बिनसाखरेचा. तिने पेन खाली ठेवलं.

तलाववाला पाठ केल्यासारखं बोलला. टॉवेल आधी आला की नाश्ता, यावर अडला, आणि आठवून पुन्हा पहिल्यापासून म्हणाला.

दादाला तिने विचारलंच नाही. नुसती बघत राहिली.

"दुसरा बिनसाखरेचा," दादा खाली बघून म्हणाला.

साहेब तर उडालेच. "न बसवता एक आकडा! शंका..." ते जीभ चावून थांबले. "ताई, कमाल केलीत तुम्ही."

दुपारचा दुसरा चहा बिनसाखरेचा, हा कायदा असलेलं घर तिला एकच माहीत होतं. ती त्याच घरात राहत होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "काल दुपारी घरी कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच पेपर वाचत बसलो होतो."

मग बाहेरच्या खोलीत सासूबाई. "आई, काल दुपारी कोण आलं होतं?"

"कोणी नाही गं. हा एकटाच पेपर वाचत बसला होता."

शब्दाला शब्द जुळत होता. तिने वळून मांडणीकडे पाहिलं. पाहुण्यांचे कप धुऊन उपडे ठेवले होते. एरवी ते कपाटातून बाहेर येत नसत.

"आई."

"बरं बाई, आले होते," सासूबाई म्हणाल्या. "तुझा दादा तिघांना घेऊन आला. तुला ऑफिसात त्रास नको, म्हणून बिचारे आधीच बोलून घेत होते. तर एकमेकांच्या अंगावर धावायला लागले. तो लिफ्टचा माणूस तर माझ्या टेबलावर हात आपटत होता. मी म्हटलं, माझ्या घरात भांडण चालणार नाही. सगळे एकच सांगा नि मोकळे व्हा. तो आकडा मीच दिला. वाईट आहे का?"

"आकडा चांगला आहे, आई. पण हा गुन्हा आहे."

"दातांच्या डॉक्टरांना बिनसाखरेचा चहा देणं?"

"मी फक्त कप धुतले," नवरा आतून ओरडला.

आयुष्यभर तिने लोकांना एकत्र बसू दिलं नव्हतं. आणि गावातलं सगळ्यांत मोठं संगनमत तिच्याच जेवणाच्या टेबलावर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लॉजवर गेली. दादा गाद्या उन्हात टाकत होता.

"आकडा रद्द करणार आहे मी," ती म्हणाली.

दादाने गादी झटकली. धुळीत दोघंही खोकले.

"छोटे, तू सांगितलं नाहीस तर कळणार कोणाला?"

"मला कळलंय."

"परिषद गेली तर इथे पोती येतील."

"माहीत आहे."

"आणि तरी?"

तिने गादीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती उलटी केली. पुढची गादी दादाने एकट्यानेच ओढली. ती निघाली तेव्हा त्याने पाठ वळवली होती.

ऑफिसात येऊन तिने स्पर्धेच्या टेबलावर बसून पर्यटनाच्या टेबलाला पत्र लिहिलं. एकच दर चालणार नाही. पत्र शिपाईमामांनी चपला काढून पलीकडे नेलं. तिनेही चपला काढल्या, पलीकडे जाऊन ते वाचलं आणि पोच दिली. "वाचून वाईट वाटलं का?" मामांनी विचारलं. "फार," ती म्हणाली.

साहेबांनी डोकं धरलं. तिने दंतवैद्यांच्या सचिव बाईंना स्वतःच फोन लावला. नंबर फिरवताना दादाच्या खिळ्यांवरच्या किल्ल्या आठवत होत्या.

"एकच दर मिळणार नाही," तिने सांगून टाकलं. "प्रत्येक हॉटेलचा वेगळा असेल. पण आधी उघड सांगू, नंतर बदलणार नाही."

पलीकडे बाई हसल्या. "अहो, मागच्या गावात माणूस बघून दर लावले, म्हणून आम्ही एकच मागितला. आमच्यात तीन-तीन दवाखान्यांचे मालक आहेत आणि शिकणारी पोरंही आहेत. वेगवेगळे असतील तर बरंच झालं." मग थांबून म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी कळवलेला तो बिनसाखरेचा चहा मात्र ठेवा. कल्पना कोणाची?"

"चौकशी चालू आहे," ती म्हणाली.

दादाला हे दुसऱ्यांकडून कळलं. त्याने रागाच्या भरात दर एवढा खाली आणला, की लिफ्टवाल्याला रात्रीचं जेवण फुकट करावं लागलं. तळ्याकाठच्याने नावेची फेरी जोडली. तलाववाल्याने तलावात पाणी भरलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत तिने खरी स्पर्धा पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. तीही घरच्या भांडणातून निघालेली.

परिषदेच्या दिवशी दादाच्या खिळ्यांवर एकही किल्ली नव्हती. शिकणाऱ्या पोरांनी लॉज डोक्यावर घेतला. त्यांनी जाताना पुढच्या वर्षाचं नक्की केलं, आणि दादाच्या दाढेत कीडही शोधून दिली. सिमेंटचा व्यापारी दारातूनच परत गेला.

चारही मालकांना तिने लेखी ताकीद दिली. भाऊ म्हणून एक शब्द सौम्य केला नाही. दादाने ती ताकीद काउंटरमागे चिकटवली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "सरकारने दखल घेतलेला लॉज." मग एका दुपारी तो तिच्या घरी आला. गाल धरून खुर्चीत बसला.

"छोटे, चहा दे. पहिलाच बिनसाखरेचा दे."

तेवढ्याने भागलं. दोघांपैकी कोणीही माफी मागितली नाही.

राहिली ती चौकशी. मालकांचे जबाब झाले. नवऱ्याचा झाला, त्यात फक्त कप होते. आकडा ठरवणाऱ्या व्यक्तीचा जबाब तेवढा उरला. तो झाल्याशिवाय अहवाल पुढे जात नव्हता, आणि साहेब रोज विचारत होते.

एका सुट्टीच्या दुपारी ती कागद-पेन घेऊन सासूबाईंसमोर बसली.

"लिहून घे," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी या शेंगा सोल. जबाब काही करपत नाही."

तिने लिहिलं, "मी, या घरातली सर्वांत मोठी, विचारल्यावरून सांगते की". मग शेंगांचा ढीग पुढे आला. दोघी सोलत बसल्या. सासूबाई बोलत होत्या. लिफ्टवाल्याच्या सुनेबद्दल, टॉवेल रोज धुतात तर साबण किती लागत असेल याबद्दल. आकड्याबद्दल नाही. नवऱ्याने दुसरा चहा आणला आणि जागा नव्हती म्हणून कप कागदावरच ठेवला.

तो कागद अजून तिच्या स्पर्धेच्या टेबलावर आहे. कपाचा गोल डाग आहे, एक वाळलेलं साल चिकटलेलं आहे. सुट्टी आली की ती तो घरी घेऊन जाते आणि सोमवारी परत आणते.

जबाब अजून "की"पाशीच आहे.